क्रुसेडरच्या अंगरख्यावरचं साल

मध्ययुगीन नाइट्सची मालिका काढायची म्हटली की रंगीत लघुसैनिक बनवणाऱ्या बहुतेक कारखान्यांना पहिला आठवतो तो इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट. हा रिचर्ड बहुधा तिसऱ्या क्रुसेडमधला, 1191 च्या अर्सूफच्या लढाईतला असतो. अंगात तांबडा झगा, त्यावर एकाखाली एक तीन सोनेरी सिंह, शिरस्त्राणावर मुकुट. शोकेसमध्ये तो झकास दिसतो. अडचण एवढीच की 1191 साली ते तीन सिंह त्याच्या अंगावर असल्याचा पुरावा नाही. रिचर्डच्या 1189 च्या पहिल्या राजमुद्रेवर वळणदार ढालीचा अर्धाच भाग दिसतो आणि त्यावर मागच्या पायांवर उभा असलेला एक सिंह आहे. तीन चालत्या सिंहांची ढाल येते ती त्याच्या दुसऱ्या मुद्रेवर. ही मुद्रा 1198 मध्ये वापरात आली, म्हणजे रिचर्डने पॅलेस्टाइन सोडल्याला तेव्हा सहा वर्षं होत होती. पुढच्याच वर्षी तो बाणाच्या जखमेने मेला.

चूक बोटभर पुतळ्यावरची आहे, पण या छंदातला सगळा वाद तिच्यात सापडतो. क्रुसेडचे रंगवलेले नाइट जमवणारा माणूस नेमकं काय जमवतो? लहानपणीचं खेळणं, नामांकित हाताचं रंगकाम, की इतिहासातला एखादा ठरावीक दिवस? पोप अर्बन दुसरा याने क्लेरमाँला पहिल्या क्रुसेडची हाक दिली ती 1095 मध्ये, आणि अक्को हे शेवटचं मोठं ठाणं पडलं 1291 मध्ये. मधल्या दोनशे वर्षांत नाइटचा पोशाख इतका पालटला की या दोन टोकांचे घोडेस्वार समोरासमोर आणले असते तर त्यांनी एकमेकांना ओळखलं नसतं. बाजारात मात्र सगळे एकाच खोक्यात येतात आणि खोक्यावर ‘क्रुसेडर’ एवढंच लिहिलेलं असतं.

खेळणं म्हणून पाहिलं तर यात गैर काही नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी बंदूकधारी जवान पहारा देत असला तरी आपल्याकडे कोणी हरकत घेत नाही, आणि घेऊही नये. युरोपातले शिपाईही आधी मुलांसाठीच होते. न्यूरेंबर्गच्या हिल्पर्ट घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाच्या चपट्या शिपायांना नाव मिळवून दिलं. पाटीच्या दगडात उलटी आकृती कोरायची, दोन पाट्या जुळवून मधे कथील ओतायचं, असं ते काम. 1839 मध्ये एर्न्स्ट हाइनरिक्सनने तिथेच कारखाना काढला आणि सुमारे 30 मिलिमीटरची उंची रूढ केली. कागदासारखे पातळ असे हे शिपाई नुसते हातात घेऊन फारसे कळत नाहीत. रंगाच्या छायेतून त्यांना गोलाई द्यावी लागते, त्यामुळे ते शिल्पापेक्षा चित्राच्या जवळचे आहेत. बव्हेरियात कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यातल्या संग्रहालयात कथलाच्या अशा 3 लाखांच्या आसपास आकृत्या आहेत. 1553 मधला कुल्मबाखचा विध्वंस दाखवणाऱ्या तिथल्या एकाच देखाव्यात 19 हजारांहून जास्त शिपाई उभे आहेत.

इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने 1893 मध्ये पोकळ ओतकामाची रीत बसवली. साच्यात शिसं ओतायचं, कडेचं थिजलं की मधलं पातळ शिसं बाहेर काढून टाकायचं. शिपाई हलका आणि स्वस्त झाला, आणि 54 मिलिमीटर हे माप जगभर चाललं. पण या कंपनीची भिस्त होती ती समकालीन पलटणींवर. 1950 च्या दशकात तिने रॉय सेल्विन-स्मिथच्या हातचे जे देखणे नाइट विकले, तेही अॅजिनकोर्टचे, म्हणजे 1415 चे.

याच काळातल्या रिचर्ड कोर्टनेच्या नाइट्ससाठी आजही लिलावात चुरस लागते. तेही शंभर वर्षांच्या युद्धातले, क्रेसी आणि प्वातिएचे. चौदाव्या शतकातल्या सरदारांच्या ढाली चिन्हांच्या याद्यांमधून नावानिशी माहीत आहेत, त्यामुळे प्रत्येक पुतळा एका खऱ्या माणसाचा करता येतो. अकराव्या-बाराव्या शतकातल्या नाइटच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नाही. क्रुसेडर मंडळी दर्जेदार कारागिरांच्या यादीत मागे राहिली याचं हे एक मोठं कारण असावं.

नाइट्सना घराघरांत नेलं ते प्लास्टिकने. सेल्विन-स्मिथनेच घडवलेल्या ‘स्वॉपेट’ नाइट्सची डोकी, तलवारी, पट्टे काढून एकमेकांना लावता येत. लंडनच्या टिम्पो कंपनीने वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिक एकाच साच्यात एकावर एक भरण्याची रीत वापरून बंद शिरस्त्राणाचे, छातीवर क्रूस असलेले क्रुसेडर काढले, त्यांना कुंचला लावायची गरजच नव्हती. जर्मनीत हाउसर कंपनीचे ‘एलास्टोलिन’ शिपाई आधी लाकडाचा भुसा आणि सरसाच्या लगद्याचे होते, मग प्लास्टिकचे झाले. टिम्पो 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि हाउसर 1983 मध्ये बंद पडली. आज या वस्तूंना किंमत येते ती तेव्हाच्या मुलांच्या आठवणींमुळे, आणि त्या आठवणीला साल विचारण्यात अर्थ नाही.

मोठ्यांचा बाजार वेगळा. माद्रिदची आंद्रेया आणि सिएनाची पेगासो यांचे धातूचे संच सुटे येतात, विकत घेणाऱ्याने ते जोडून रंगवायचे. हाँगकाँगची किंग अँड कंट्री, अमेरिकेची फर्स्ट लीजन या कंपन्या साधारण 60 मिलिमीटरचे, तयार रंगवलेले क्रुसेडर आणि सॅरसन, म्हणजे त्यांच्याशी लढणारे मुस्लिम योद्धे, विकतात. स्पेनच्या देल प्रादो आणि आल्ताया या प्रकाशनसंस्थांनी मासिकाच्या अंकासोबत एक शिपाई असा रतीब घातला. रंगकाम बेताचंच, पण हजारो लोकांना या छंदाची गोडी लागली ती तिथून. सर्वांत वरच्या पायरीवर सेंट पीटर्सबर्ग. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या प्रशिक्षित चित्रकारांनी 54 मिलिमीटरच्या पुतळ्यांवर सूक्ष्मचित्रांचा हात चालवायला सुरुवात केली. घोड्याच्या झुलीवरची जरीची वेलबुट्टी भिंग लावल्याशिवाय पूर्ण दिसत नाही, असं ते काम असतं. याच गावच्या कलावंतांना ट्यूटॉनिक नाइट्सचं आकर्षण जास्त, कारण 1242 मध्ये गोठलेल्या पाइपस सरोवरावर अलेक्झांडर नेव्हस्कीने ज्यांना हरवलं ते हेच. मात्र पंजे आणि नखं लावलेली त्यांची अजस्र शिरस्त्राणं डोळ्यांपुढे येतात ती मुख्यतः आयझेनस्टाइनच्या 1938 च्या चित्रपटातून.

चित्रपटांचं देणं या छंदावर मोठं आहे, आणि ते महागही पडतं. रिडली स्कॉटचा ‘किंग्डम ऑफ हेवन’ 2005 मध्ये आला आणि जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा चांदीचा मुखवटा घालून शोकेसमध्ये येऊन बसला. 1177 मध्ये माँजिसारला सुलतान सलाहुद्दीनला हरवणारा, विशीतच गेलेला हा राजा मुखवट्याशिवायही विलक्षण आहे. त्याच्या काळच्या कोणत्याही लेखात त्या मुखवट्याचा उल्लेख नाही. तरी पुतळा हवा तो मुखवट्याचाच, कारण गिऱ्हाईक चित्रपट पाहून आलेलं असतं.

क्रुसेडर पुतळा हातात आला की आधी डोकं पाहावं. नाकावर पट्टी असलेला शंकूसारखा टोप असेल तर तो पहिल्या क्रुसेडच्या जवळचा. 1099 च्या जुलैत जेरुसलेमच्या तटावर चढलेले नाइट बायोच्या भरतकामातल्या नॉर्मन स्वारांसारखेच दिसत असणार. चपट्या माथ्याचा, चेहऱ्यापुढे भोकांचा पत्रा असलेला टोप बाराव्या शतकाच्या शेवटाचा. चहूबाजूंनी बंद, पिंपासारखं शिरस्त्राण रूढ होतं ते 1220 च्या सुमारास. याचा अर्थ असा की 4 जुलै 1187 च्या हत्तीनच्या लढाईत, खोक्यावरच्या चित्रात असतात तसे पिंपटोपवाले टेम्प्लर नव्हते.

मग अंगरखा. कड्यांच्या चिलखतावर घालायचा बिनबाह्यांचा सैल झगा बाराव्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागतो आणि सर्रास होतो 1200 च्या आसपास. घराण्याची चिन्हंही त्याच सुमाराची आहेत. आंजूच्या जॉफ्रीची, निळ्या ढालीवर सोनेरी सिंह असलेली ल मान गावातली मीनाकारीची पाटी हा त्यांचा जुन्यातला जुना ठळक पुरावा, आणि ती शतकाच्या मध्यानंतरची आहे. त्यामुळे पहिल्या क्रुसेडमधल्या गॉडफ्री ऑफ बुइयाँच्या हातात जेरुसलेमची पुढच्या काळातली चिन्हांकित ढाल दिली की सुमारे शंभर वर्षांची उडी पडते. ती ढाल दिसते मात्र फार सुंदर. चांदीच्या पृष्ठभागावर सोन्याचे क्रूस, म्हणजे धातूवर धातू रंगवू नये हा चिन्हशास्त्राचा नियम मुद्दाम मोडलेला.

आणि शेवटी क्रूसाचा रंग. बाजारातला प्रत्येक क्रुसेडर पांढऱ्यावर तांबडा क्रूस मिरवतो. टेम्प्लर संघटना सुमारे 1119 मध्ये निघाली, पांढरा झगा तिला 1129 च्या त्र्वाच्या धर्मसभेत मिळाला आणि तांबडा क्रूस पोप युजिनियस तिसरा याने 1147 मध्ये दिला. तोही पांढऱ्यावर शोभायचा तो नाइटच्या. हाताखालच्या सार्जंटांचे झगे काळे किंवा तपकिरी असत. हॉस्पिटलर काळ्यावर पांढरा क्रूस लावत. युद्धात तांबड्या अंगरख्यावर पांढरा क्रूस घालायची मुभा त्यांना 1259 मध्ये मिळाली. तिसऱ्या क्रुसेडच्या तयारीसाठी 1188 च्या जानेवारीत जिझोरला राजे भेटले तेव्हा ठरलं ते असं: फ्रेंचांनी तांबडा क्रूस लावायचा, इंग्लंडच्या राजाच्या माणसांनी पांढरा आणि फ्लँडर्सच्या लोकांनी हिरवा. इंग्रज म्हणून विकले जाणारे तांबड्या क्रूसाचे पुतळे या कराराप्रमाणे फ्रान्सच्या फिलिपचे लोक ठरतात. हिरव्या क्रूसाचा फ्लेमिश नाइट शेल्फवर किती वेगळा उठून दिसेल, पण त्याला कुंचला लावणारे थोडेच.

या तपशिलांसाठी धडपडणाऱ्यांना साधनांची वाण नाही. ऑस्प्रे प्रकाशनाची डेव्हिड निकोलसारख्या अभ्यासकांची सचित्र पुस्तकं बहुतेकांच्या टेबलावर असतात. त्याहून वरचं साधन म्हणजे न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयातलं, 1240 च्या दशकात पॅरिसमध्ये चितारलेलं बायबल. त्यात गोष्टी आहेत जुन्या करारातल्या, पण लढणारी माणसं तेराव्या शतकातल्या फ्रेंच चिलखतात आहेत. पट्ट्याचं बक्कल, टोपाखालची कापडी कुंची, घोड्याचा तंग, सगळं जिथल्या तिथे. पोलंडच्या कार्डिनल माचेयोव्स्कीने ते इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवलं आणि 1608 मध्ये ते त्याच्या दरबारात पोचलं. समासात फारसी टिपा आजही आहेत. लंडनच्या टेम्पल चर्चमधले फरशीवर निजलेले दगडी नाइट हे दुसरं साधन. 1941 च्या बाँबहल्ल्यात ते भाजले, पण अंगरख्याच्या चुण्या कशा पडतात हे अजून तिथे पाहून शिकता येतं.

चुण्यांना इतकं महत्त्व का, हे रंगवणाऱ्याला विचारावं. टेम्प्लरचा पांढरा झगा ही या छंदातली सर्वांत अवघड परीक्षा आहे. डबीतला पांढरा थेट फासला तर पुतळा खडूचा वाटतो. जाणकार आधी प्रायमरचा हात देतो, मग सगळ्या झग्याला फिकट राखाडी किंवा ताकासारख्या रंगाचा पाया. चुण्यांच्या खोलगट भागात मातकट तपकिरीत निळ्याची चिमूट मिसळून सावली भरायची, आणि चुणीच्या वरच्या कडांना पायरीपायरीने उजळ करत न्यायचं. निव्वळ पांढरा येतो तो अगदी शेवटी, खांद्यावर, छातीवर, वर आलेल्या गुडघ्यावर, केसाएवढ्या रेघेत. तांबडा क्रूस कापडाबरोबर वळला पाहिजे. चुणीत शिरला की त्याचा तांबडा काळपट, चुणीवर आला की नारिंगीकडे झुकलेला. सरळ पट्टीने आखलेला क्रूस दिसला की रंगारी नवखा आहे हे लगेच कळतं. तैलरंग दिवस-दिवस ओले राहतात म्हणून छटा एकमेकींत विरघळवता येतात. अॅक्रिलिक मिनिटांत सुकतं, तिथे पातळ पाण्यासारखे थरावर थर द्यावे लागतात. दोन्ही रीतींचे कट्टर समर्थक आहेत. झग्यासाठी तैलरंग आणि चामड्यासाठी अॅक्रिलिक ही वाटणी बऱ्याच उत्तम कामांत दिसते.

चिलखताची कथा उलटी. खऱ्या चिलखताच्या कडीचा व्यास साधारण 8 ते 10 मिलिमीटर. 54 मिलिमीटरच्या पुतळ्यावर ती कडी पाव मिलिमीटरच्या जवळपास यायला हवी. शिल्पकार पुटीत नळीच्या टोकाने एकेक कडी उठवतो ती याहून मोठीच असते, नाहीतर ओतकामात ती बुजून जाते. चिलखताची अचूकता म्हणजे अखेर एक मान्य केलेला संकेत आहे. त्यावर काळ्याचा पाया द्यायचा, चंदेरी रंगाचा कुंचला फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि वरवर फिरवायचा. उंचवटे चमकतात, खळगे काळे राहतात. नवख्यालाही हे पहिल्या खेपेस जमतं. लोखंड तेलकट, वापरलेलं, काखेत गंजलेलं दाखवणं मात्र थोड्यांनाच साधतं.

इतकी मेहनत एका बाजूच्या माणसावर होते, आणि या छंदाचं सर्वांत मोठं उणेपण तेच आहे. शेल्फवर दहा नाइट असले तर समोर एखादा सॅरसन, तोही बहुधा मरायच्या बेतात, हातात वाकडी तलवार. बाराव्या शतकात मुस्लिम सैन्यांत सरळ तलवारी भरपूर होत्या; वाकडी तलवार मध्य आशियाई तुर्कांबरोबर आली आणि सर्वत्र पसरली ती पुढे. सलाहुद्दीनची पिवळी निशाणं, धावत्या घोड्यावरून बाण सोडणारे तुर्क, पुलांवर आणि इमारतींवर आपलं सिंहाचं चिन्ह कोरवणारा सुलतान बायबर्स, हा सगळा रंगीबेरंगी ऐवज रंगवणाऱ्यासाठी पांढऱ्या झग्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. क्रुसेडरांच्या स्वतःच्या बाजूचेही बरेच लोक गायब आहेत. त्यांच्या पदरचे तुर्कोपोल घोडेस्वार, कमठेवाले, पायदळ. सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन याने फ्रँक पायदळाबद्दल लिहून ठेवलंय की जाड नमद्याच्या अंगरख्यांत आणि चिलखतांत बाण रुतलेले असतानाही ती माणसं रांग न मोडता चालत होती. एकेकाच्या पाठीत त्याने दहापर्यंत बाण पाहिले. राजाच्या झुलीपेक्षा हे दृश्य कोरायला सोपं आणि पाहायला जास्त थरारक आहे.

दुसरी बाजू मांडण्याची गरज निव्वळ कलेची नाही. 1099 मध्ये जेरुसलेम पडलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल झाली. 1204 मध्ये क्रुसेडरांनी लुटलं ते ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपल. आज अमेरिका-युरोपातले अतिउजवे गट टेम्प्लरचा क्रूस ढालीवर लावून रस्त्यावर उतरतात. 2017 च्या शार्लट्सव्हिलच्या मोर्चातही अशा ढाली होत्या. संग्राहकाचा त्यांच्याशी संबंध नसतो, पण त्याच्या कपाटातला पुतळा आणि ती ढाल यांवर चिन्ह एकच आहे. ज्या शेल्फवर दोन्ही सैन्यं सारख्या काळजीने रंगवलेली आहेत, ते पाहणाऱ्याला तिथे इतिहास दिसतो. ज्यावर एकच बाजू आहे, तिथे घोषणा दिसण्याचा धोका असतो. आणि त्या क्रूसाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. टेम्प्लर संघटना मोडल्यावर पोर्तुगालमध्ये तिच्या मालमत्तेतून 1319 मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ उभी राहिली, आणि तिचाच तांबडा क्रूस शिडांवर घेऊन पोर्तुगीज जहाजं हिंदी महासागरात आली.

संग्रह टिकवण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जुन्या शिशाच्या शिपायांवर पांढरी भुकटी धरते, तिला पुष्कळ जण बुरशी समजतात. ती असते शिशाची झीज. ओकच्या लाकडातून, भुशाच्या दाबलेल्या फळ्यांतून आणि काही गोंदांतून अॅसिटिक आम्लाची वाफ निघते, बंद कपाटात ती कोंडते आणि शिशाचं हळूहळू कार्बोनेट होतं. देखणं ओकचं कपाट हाच संग्रहाचा शत्रू ठरतो. काच आणि धातूची, थोडी हवा खेळणारी कपाटं बरी. दमट हवेत ही झीज आणखी वेगाने होते, त्यामुळे मुंबई-कोकणात किंवा गोव्यात जुने शिपाई ठेवणाऱ्याने याकडे जास्तच लक्ष द्यावं. कथलाचं प्रमाण जास्त असलेल्या नव्या मिश्रधातूंना आणि रेझिनला हा रोग लागत नाही.

सध्या या छंदात सर्वांत वेगाने बदलतंय ते शिल्पकाम. पूर्वी नवा पुतळा काढायचा तर मूळ मूर्ती, रबरी साचा, ओतकाम एवढा खर्च आधी करावा लागे, म्हणून कारखाने खपणाऱ्या रिचर्डवरच पैसा लावत. आता संगणकावर घडवलेली आकृती घरच्या रेझिन छपाईयंत्रावर हव्या त्या मापात निघते. ज्याला थोडीच गिऱ्हाइकं आहेत असा तुर्कोपोलही आता परवडतो. अर्थात चुकीचा टोपही तितक्याच सहज छापला जातो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोनशे वर्षांचा बाजार घरी आणू नये. एक दिवस निवडावा, समजा 7 सप्टेंबर 1191, अर्सूफ. पुढे-मागे टेम्प्लर आणि हॉस्पिटलर, चपट्या माथ्याच्या टोपात. पांढऱ्या क्रूसाचे आंजूचे आणि नॉर्मन स्वार, तांबड्या क्रूसाचे फ्रेंच, हिरव्या क्रूसाचा निदान एक फ्लेमिश. समुद्राच्या बाजूला सामानाचे गाडे, दुसऱ्या बाजूला घोड्यांना आडोसा देत चालणारं पायदळ, पाठीत बाण रुतलेलं. रिचर्ड, एक सिंहाच्या ढालीसह. समोर तुर्की धनुर्धारी, पिवळं निशाण, आणि त्या दिवशी ज्यांच्या आवाजाने क्रुसेडर हैराण झाले असं त्यांच्याच बखरकारांनी लिहिलंय, ते सलाहुद्दीनचे नगारे आणि कर्णे वाजवणारे वादक. हे वादक तयार क्वचितच मिळतात. दुसऱ्या पुतळ्याचे हात कापून, पुटीने नगारा घडवून ते घरीच करावे लागतात.